मूळ प्रत आणि फेरफार : मुक्त आज्ञावलींच्या भांडाराची शिस्त

शाळेतील संगणक-वर्ग, कचेरीतील पत्रव्यवहार, बँकेचा हिशेब अशा अनेक कामांमागे आज मुक्त आज्ञावली राबत असतात. ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, तपासता व सुधारता येते, त्या मुक्त आज्ञावली होत. मूळ लेखकांनी सिद्ध केलेली ही संहिता सहसा थेट वापरणाऱ्याच्या संगणकावर येत नाही. वितरण करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते ती आणतात, तपासतात आणि आपल्या प्रणालीस अनुरूप अशी बांधून देतात. या बांधलेल्या गठ्ठ्यास पॅकेज म्हणतात. इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला 'डेबियन' हा अशा वितरणांपैकी एक जुना व मोठा उपक्रम होय. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणूनच डेबियनच्या भांडारात बाहेरची संहिता कशी दाखल होते, हे आपल्याकडील शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दोन शाखा, दोन जबाबदाऱ्या

जमिनीचा धनी बदलला म्हणून दप्तरातील जुनी नोंद कोणी खरवडून टाकीत नाही. फेरफाराची नोंद स्वतंत्र होते आणि पुढे वाद उपस्थित झाल्यास मूळ काय होते व बदल कोणता झाला, हे दोन्ही दाखविता येते. पॅकेजचे भांडारही याच न्यायाने चालते. त्यासाठी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली 'गिट' ही नोंदप्रणाली बहुधा वापरली जाते. कोणता बदल कोणी व केव्हा केला, याची क्रमवार नोंद गिटमध्ये राहते.

अशा भांडारात सामान्यतः दोन मुख्य शाखा ठेवतात. पहिलीस 'अपस्ट्रीम', म्हणजे प्रवाहाची वरची बाजू, असे नाव आहे. तिच्यात मूळ लेखकांची संहिता असते आणि तिला पॅकेजकर्त्याने हात लावावयाचा नसतो. दुसऱ्या शाखेत त्या संहितेसोबत 'डेबियन' नावाचा एक फोल्डर असतो. बांधणीचे नियम, बदलांची रोजनिशी, परवान्यांचा तपशील आणि मूळ संहितेत करावयाच्या दुरुस्त्या यांना त्यात स्थान मिळते. या दुरुस्त्यांस 'पॅच' म्हणतात. प्रत्येक पॅच वेगळ्या फाइलीत ठेवला जात असल्याने तो पाहता येतो, मूळ लेखकांकडे पाठविता येतो आणि गरज संपताच काढूनही टाकता येतो.

आवकीचे टप्पे

मूळ लेखक नवी आवृत्ती बहुधा एका संकुचित गठ्ठ्याच्या रूपाने प्रसिद्ध करतात. तो भांडारात घेण्याचे काम पुढील क्रमाने होते.

१. 'यूस्कॅन' हे साधन नवी आवृत्ती आली आहे काय, हे पाहून गठ्ठा उतरवून घेते. लेखकांची डिजिटल स्वाक्षरी उपलब्ध असल्यास आधीच जपून ठेवलेल्या किल्लीशी ती पडताळली जाते.

२. 'जीबीपी इम्पोर्ट-ओरिज' ही आज्ञा गठ्ठा उलगडून अपस्ट्रीम शाखेत नोंदविते, त्या नोंदीस आवृत्ती-क्रमांकाची खूण लावते आणि मग ती संहिता दुसऱ्या शाखेत आणते.

३. 'प्रिस्टीन-टार' या साधनाने अगदी थोडी माहिती साठवून ठेवली, तर पुढे केव्हाही तोच गठ्ठा, त्यातील एकही बिट न बदलता, पुन्हा तयार करता येतो.

४. जुने पॅच नव्या संहितेवर बसतात की नाही, हे पाहतात. नव्याने आलेल्या फाइलींचे परवाने वाचतात. त्यानंतर रोजनिशीत नोंद करून पॅकेज बांधतात व त्याची चाचणी घेतात.

यांतील चौथा टप्पा सर्वांत कष्टाचा असतो. पहिले तीन टप्पे यंत्र पार पाडते. चौथ्यास माणसाची नजर लागते.

२०२४ सालचा धडा

ही नजर किती मोलाची आहे, हे २०२४ साली जगाच्या प्रत्ययास आले. 'एक्सझेड युटिल्स' ही माहितीचे संकोचन करणारी आज्ञावली असंख्य संगणकांवर असते. तिच्या कामात दोन वर्षांहून अधिक काळ सहभागी होऊन विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट बसविली. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडविलेला होता आणि त्यास जागे करणारी ओळ केवळ प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. उघड्या गिट भांडारात ती नव्हती. अशा गठ्ठ्यांत यंत्राने तयार केलेल्या काही जादा फाइली असणे नित्याचेच असल्याने हा फरक कोणाच्या ध्यानी आला नाही. दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकरण जाहीर केले. तोपर्यंत या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी व विकास विभागांत पोहोचल्या होत्या. सर्वसामान्यांसाठी असलेल्या स्थिर आवृत्तीत मात्र त्या शिरल्या नव्हत्या. डेबियनने तातडीने ५.४.५ ही जुनी संहिता पुन्हा लागू केली. मूळ प्रती व त्यांवरील खुणा भांडारात शाबूत असल्या, की असे मागे फिरणे सुकर होते.

या प्रकरणात गठ्ठा अधिकृतपणेच प्रसिद्ध झालेला होता. स्वाक्षरीवरून माल कोणी पाठविला ते कळते. माल निर्दोष आहे, याची हमी त्यातून मिळत नाही. म्हणून गठ्ठा व मूळ लेखकांचे गिट भांडार यांची तुलना करण्याकडे जाणकारांचा कल वाढला आहे. आवक करतानाच मूळ भांडारातील संबंधित खूण आपल्या नोंदीस जोडण्याची सोय 'जीबीपी'मध्ये आहे. ती वापरल्यास दोहोंतील फरक चटकन समोर येतो.

वापरणाऱ्यांचे कर्तव्य

नदीच्या वरच्या अंगास जे मिसळेल, ते खालच्या गावांच्या घागरीत येते. पॅकेज सांभाळणारा हा त्या प्रवाहावरील पाणवठ्याचा राखणदार आहे आणि पुष्कळदा तो हे काम विनावेतन करीत असतो. शाळांनी व कचेऱ्यांनी आज्ञावली अधिकृत भांडारातूनच घ्याव्यात, सुरक्षाविषयक सुधारणा वेळीच बसवाव्यात आणि कामाच्या संगणकांवर स्थिर आवृत्तीच ठेवावी. संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखादे छोटे पॅकेज उघडून मूळ संहिता कोणती व फेरफार कोणता, हे ओळखावयास लावावे. उद्याचे राखणदार याच वर्गांतून तयार व्हावयाचे आहेत.