बांडुंगची परिषद

इंडोनेशियातील जावा बेटावर बांडुंग हे शहर आहे. डचांच्या राजवटीत तेथील एका भव्य वास्तूत डच अधिकारी व मळेवाले करमणुकीसाठी जमत असत. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५५ साली, त्याच वास्तूला ‘मर्देका भवन’ म्हणजे ‘स्वातंत्र्यभवन’ असे नाव देण्यात आले.

१८ एप्रिल १९५५ रोजी या भवनात आशिया व आफ्रिका खंडांतील २९ राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले. भारताचे पंडित नेहरू, इंडोनेशियाचे सुकार्नो, ईजिप्तचे नासेर, चीनचे चौ एन-लाय हे त्यांतील प्रमुख होत. त्या वेळी अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्या वैरामुळे जग दुभंगले होते. दोघांजवळही अण्वस्त्रे होती. अशा जगात ज्यांच्यापाशी ना धन, ना सैन्यबळ, त्यांचे कोण ऐकणार?

जमलेल्या राष्ट्रांतही मतभेद होतेच. तरीही सात दिवसांच्या विचारविनिमयानंतर त्यांनी दहा तत्त्वे एकमताने स्वीकारली. लहानमोठी सर्व राष्ट्रे समान आहेत, कोणी दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, तंटे शांततेने मिटवावेत, ही त्यांतील काही तत्त्वे होत.

या एकजुटीचे फळ पाच वर्षांनी दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत राष्ट्र बलाढ्य असो वा दुबळे, प्रत्येकाला एकच मत असते. १९६० साली १७ नवी राष्ट्रे तिची सभासद झाली. त्यांपैकी १६ आफ्रिकेतील होती. त्याच वर्षी आशिया व आफ्रिकेतील ४३ राष्ट्रांनी ठराव मांडला, की परकीय सत्तेचा सर्वत्र त्वरित अंत व्हावा. १४ डिसेंबर रोजी ठरावाच्या बाजूने ८९ मते पडली. ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, अमेरिका यांसह नऊ राष्ट्रे तटस्थ राहिली. परंतु विरोधी मत एकही पडले नाही! साम्राज्यवादाची उघड बाजू घेण्यास कोणीही धजले नाही.

केवळ ठरावाने शृंखला तुटत नाहीत, हेही खरे. अंगोला व मोझांबिक या देशांना स्वातंत्र्यासाठी १९७५ पर्यंत झुंजावे लागले. पण त्यांची मागणी न्याय्य आहे, हे जगाने आधीच मान्य केले होते.

मुलांनो, न्याय मागणे सोपे असते, तो देणे कठीण असते. बलवानांनी आपल्याला समानतेने वागवावे, असे नवस्वतंत्र राष्ट्रांनी बांडुंगला सांगितले. आपल्याहून लहान असलेल्या शेजाऱ्याशीही ती तसेच वागतात काय, यावरच त्यांच्या शब्दाची किंमत ठरते.