सोनारीत शेतकरी कंपनी काढताय? आधी खर्च पाहा

उडीद-तूर बार्शीला नेऊन एकेकट्याने विकण्यापेक्षा गावाचीच उत्पादक कंपनी काढायची, असं ठरलं असेल तर नोंदणीचं काम अवघड नाही. कायदा बदलून 2021 पासून या कंपन्या 2013 च्या कंपनी कायद्याखाली आल्या आहेत. महाग पडतं ते नोंदणीनंतरचं.

किमान दहा उत्पादक हवेत, त्यांतले पाच संचालक. दूध, शेळीपालन करणारेही चालतात. प्रत्येकाचं पॅन, आधार, फोटो, अलीकडचं बँक स्टेटमेंट आणि सातबारा घ्या. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीवर 15 रुपयांत मिळतो, त्याचे शंभर देऊ नका. बायकोच्या नावावर जमीन नसेल तर ती उत्पादक असल्याचा दाखला आधी काढा. कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल आणि घरमालकाचं संमतिपत्र लागतं. पॅन आणि आधारवरची नावं अक्षरशः जुळली पाहिजेत. अर्ज इथे अडू शकतात.

अर्ज ऑनलाइन जातो, त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. नाव राखून ठेवायला 1,000 रुपये. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर नोंदणीचं सरकारी शुल्क शून्य. मुद्रांक शुल्क आणि पॅन-टॅनचे किरकोळ पैसे तेवढे वेगळे. डिजिटल सही माणशी साधारण दीड-दोन हजार. ती फक्त संचालकांची लागेल की दहाही जणांची, हे सीएला आधीच विचारा. सीए किंवा सीएसची फी ठरलेली नसते. वीस ते चाळीस हजारांचे आकडे ऐकू येतात. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि फीत काय काय येतं ते लेखी घ्या. बँक खातं, पीएफ, ईएसआयसी यांचे अर्ज त्याच फॉर्मसोबत जातात. त्यांचे वेगळे पैसे मागितले तर उठून या. कागद नीट असतील तर दोन-तीन आठवडे धरा.

डिजिटल सहीचं टोकन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. ‘राहू द्या आमच्याकडे’ हे ऐकू नका. तुमच्या सहीने काहीही दाखल होऊ शकतं.

आता नोंदणीनंतरचं. भागभांडवल बँकेत भरून 180 दिवसांत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा करायची. चुकलात तर उत्पादक कंपनीला 25,000 रुपयांपर्यंत दंड. पहिली सर्वसाधारण सभा आणि संचालकांची निवड 90 दिवसांत. संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांनी, इतिवृत्तासकट. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांपैकी चालत नाही. म्हणजे पहिल्या महिन्यापासून पगार. हा आकडा हिशेबात कुणी धरत नाही. लेखापरीक्षकाची फीही दरवर्षी. शेअर कितीही घ्या, माणशी मत एकच. मोठ्या खातेदाराला हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

ताळेबंद आणि वार्षिक विवरण, दोन्ही दरवर्षी भरायची. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये. दोन्ही वर्षभर राहिले तर 73,000, आणि व्यवहार शून्य असला तरी सुटका नाही. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, अगदी दुसऱ्या कंपनीतही.

‘18 लाख अनुदान मिळवून देतो, आधी फाइलचे पैसे द्या’ म्हणणारे गावात येतील. ती केंद्राची 10,000 शेतकरी उत्पादक संघटनांची योजना. 10,000 चा आकडा फेब्रुवारी 2025 मध्येच पूर्ण झाला. शिवाय आपल्याकडच्या सपाट भागात किमान 300 सभासदांची अट होती. सध्या कोणती योजना चालू आहे हे परंड्याच्या तालुका कृषी कार्यालयात विचारा, फुकट सांगतात.

कंपनी चालली नाही तर नुसतं कुलूप लावून सोडू नका. नाव काढून टाकायचा अर्ज करावा लागतो, त्याचं शुल्क 10,000 रुपये, तेही थकलेली विवरणं भरल्यावर.