सूर्याकडे पाठ करून पाहा

अंबड, नाशिक

चि. सई हिस,


तुझे संध्याकाळचे फोटो पाहिले. आकाश केशरी आहे, सूर्य ठसठशीत आहे, पण डोंगर सगळीकडे काळाच आहे. मावळतीला डोंगर टिपायचा, तर विषय डोंगर असला पाहिजे. त्यासाठी बहुतेक वेळा सूर्य पाठीशी किंवा बाजूला घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. याचे कारण आपल्या डोंगरांच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून सह्याद्रीचा हा बेसॉल्ट तयार झाला. आडवे थर, त्यांच्यामधले गवताळ उतार आणि मध्येच उभा तुटलेला कडा, ही आपल्या डोंगरांची ओळख. भर दुपारी ती सपाट होऊन जाते. ऊन तिरपे झाले की प्रत्येक थराची कड उजळते आणि खालच्या खोबणीत सावली भरते. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या प्रकाशाला, सूर्य डोक्यावर असतानाच्या मानाने, जवळजवळ 38 पट हवा ओलांडावी लागते. निळा रंग वाटेतच विखुरतो आणि उरलेला तांबूस प्रकाश कातळावर पडतो. तू कॅमेरा सूर्याकडे धरतेस तेव्हा हा सगळा प्रकाश डोंगराच्या पलीकडच्या अंगावर पडत असतो.

म्हणून आधी दिशा पाहावी. अंबडहून अंजनेरी आणि ब्रह्मगिरी पश्चिमेला आहेत, त्यामुळे इथून संध्याकाळी ते काळेच दिसणार. ब्रह्मगिरीची त्र्यंबकच्या अंगाची बाजू पूर्वेची आहे, तिच्यासाठी सकाळीच जावे लागते. संध्याकाळ पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पश्चिम उताराची. सूर्यही रोज एकाच जागी मावळत नाही. आपल्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणून शहराच्या उत्तरेच्या रामशेजची आपल्याकडची बाजू डिसेंबरमध्ये मावळतीला उजळते, जूनमध्ये त्या वेळी तीच बाजू सावलीत जाते. चांगला फोटो नशिबाने मिळतो, हे म्हणूनच मला पटत नाही.

तू म्हणशील, काळ्या आकृतीतही सौंदर्य असते. असते, आणि एकामागे एक उभ्या असलेल्या रांगा धुरकट हवेत तशाच टिपाव्यात. पण तो विचार करून घेतलेला निर्णय असावा. काळ्या आकृतीत जसे थर लपतात, तशा जखमाही लपतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामाविरुद्ध 2021 मध्ये नाशिककरांनी आवाज उठवला. पोखरलेला उतार आणि शाबूत उतार यांतला फरक काळ्या आकृतीत दिसत नाही, तिरप्या उन्हात लगेच दिसतो. 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यातला साल्हेर किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. अशा डोंगरांचे आजचे रूप नीट नोंदवून ठेवणे हे छायाचित्रकाराचेही काम आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता मोबाइलच सगळे सांभाळून घेतो. तो सांभाळतो, पण स्वतःच्या अंदाजाने. ऑटो व्हाइट बॅलन्स संध्याकाळचा तांबूसपणा हा दोष समजून काढून टाकू पाहतो, म्हणून तो डेलाइटवर ठेव. एक्स्पोजर उजळलेल्या कड्यावर लॉक कर आणि शक्य असेल तर रॉ फाइल घे. नंतर रंग वाढवायचा मोह होईल, तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचार: हा दगड त्या संध्याकाळी खरोखर असा दिसत होता का? उत्तर नाही असेल, तर तिथेच हात थांबव.

शेवटचे, सूर्य बुडाला की लगेच निघू नकोस. आपल्याकडे सूर्य बराच उभा उतरतो, त्यामुळे कामाचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. त्या वेळात पूर्वेकडे पृथ्वीची निळसर सावली वर चढते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा उमटतो. समोरच्या कातळावर तेव्हा कडक सावली नसते, म्हणून बारीक तपशीलही नीट येतो. ट्रायपॉड लाव आणि काम चालू ठेव. मात्र उतरायची वाट उजेडातच पाहून ठेव, बॅटरी जवळ बाळग आणि एकटी जाऊ नकोस. आता एकच डोंगर निवड आणि वर्षभर त्याचेच फोटो काढ. कोणत्या महिन्यात त्याची कोणती बाजू उजळते हे तुला न बघता सांगता येऊ लागले, की पुढचे शिक्षण तो डोंगरच देईल.

तुझा,
मामा