स्मारकांचे संरक्षण : कायदा आणि गावाचे कर्तव्य

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, करवीर तालुक्यात कळंबा हे गाव वसले आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून संस्थानकाळात, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, येथे तलाव बांधण्यात आला. कोल्हापूरच्या अनेक पिढ्यांची तहान या तलावाने भागविली. बांधकामास शंभराहून अधिक वर्षे लोटल्यामुळे तलाव आपोआप ‘संरक्षित स्मारक’ झाला असावा, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांत कळंबा तलावाचा समावेश नाही. वास्तू जुनी असणे ही केवळ पात्रता होय. कायद्याचे संरक्षण मिळते ते शासनाने रीतसर घोषणा केल्यानंतरच. हा भेद ध्यानात घेतल्यास स्मारकविषयक कायद्याचे मर्म उलगडते.

कायद्याची वाटचाल

या विषयावरील पहिला व्यापक कायदा १९०४ साली झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४९व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे जतन हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरविले. १९५८ साली संसदेने प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष यांसंबंधीचा अधिनियम संमत केला. आजची केंद्रीय व्यवस्था त्यावरच उभी आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर इतर घोषित स्मारके महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमानुसार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, अशी ही विभागणी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांत ती स्पष्ट दिसते. पन्हाळा, रायगड, शिवनेरी आदी आठ किल्ले केंद्राच्या, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर व खांदेरी हे चार राज्याच्या संरक्षणाखाली आहेत.

घोषणा कशी होते

केंद्रीय अधिनियमानुसार एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची घोषित करण्यापूर्वी तसा मनोदय राजपत्रात दोन महिने आधी प्रसिद्ध करावा लागतो. त्याची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावली जाते. हितसंबंधी व्यक्तीस या मुदतीत हरकत घेता येते. घोषणेमुळे मालकी आपोआप शासनाकडे जात नाही. मालकाशी करार करून देखभालीची व्यवस्था लावता येते. देवालयात पूजाअर्चाही चालू राहते. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर केंद्राचे संरक्षित स्मारक आहे आणि तेथे भाविकांची नित्य ये-जा असते. ‘देऊळ सरकारजमा होईल’ ही भीती म्हणूनच अनाठायी आहे.

परिसराची मर्यादा

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असून तेथे नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील दोनशे मीटरच्या विनियमित क्षेत्रात पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हे निर्बंध १९९२ च्या अधिसूचनेने आले आणि २०१० च्या दुरुस्तीने ते मूळ अधिनियमात समाविष्ट झाले. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. आता दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या निर्बंधांचा भार तेथील रहिवाशांवर पडतो, हेही मान्य केले पाहिजे. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडावर घराच्या दुरुस्तीसाठीही परवानगीची वाट पाहावी लागते. अशा वेळी नियमांची अचूक माहिती आणि अर्जाची योग्य दिशा मिळाल्यास लोकांचा रोष कमी होतो. स्थानिक अधिकाऱ्यांनी हे साहाय्य अवश्य करावे.

जमिनीखालचा वारसा

करवीर तालुक्यातीलच बीड हे गाव वीरगळांसाठी आणि शिवारात सापडणाऱ्या सोन्याच्या नाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठेव्याबाबत १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा व दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. शासनाने ठेवा संपादन केल्यास धातूची किंमत आणि तिचा एकपंचमांश इतकी अधिक रक्कम दिली जाते. माहिती दडविणाऱ्याचा मात्र हक्क जातो व शिक्षाही होऊ शकते. सोनाराच्या मुशीत वितळलेल्या नाण्याचे सोने उरते, पण त्यावरील लेख आणि राजमुद्रा कायमची नष्ट होते. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात सुरक्षित राहिली, म्हणूनच पंचगंगेकाठच्या नगरीचा भूमध्य समुद्राकडील जगाशी असलेला प्राचीन संबंध आज प्रत्यक्ष दाखविता येतो.

गावाने काय करावे

घोषित स्मारकांना कायद्याचे कवच आहे. परंतु गावोगावच्या वेशीवरील वीरगळ, सतीशिळा, बारवा आणि जुने तलाव बहुधा कोणत्याही यादीत नसतात. रस्ता रुंद करताना वीरगळ पायात गाडला जातो, शिलालेखावर रंगाचा हात फिरतो, बारवेत कचरा पडतो. आणि हे सारे बहुतेक वेळा अज्ञानापोटी घडते. ग्रामपंचायतीने अशा अवशेषांची नोंदवही ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून जागा, मापे व छायाचित्रे यांची नोंद करून घ्यावी. विकासकामाचा आराखडा करताना ही वही समोर ठेवावी आणि महत्त्वाची वास्तू आढळल्यास ग्रामसभेच्या ठरावासह पुरातत्त्व संचालनालयास कळवावे. कळंब्याच्या तलावाची नोंदही अशा वहीच्या पहिल्या पानावर शोभेल.

राज्यघटनेच्या ५१-क अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. राजपत्रातील घोषणेस वेळ लागतो. शिळा फुटण्यास एक घाव पुरतो. त्या दोहोंमधील काळात स्मारकाचा राखणदार गावच असतो.