डोळे रस्त्यावर, लक्ष कुठे?

प्रश्न : समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना मधले काही किलोमीटर कसे गेले ते आठवतच नाही. झोप लागलेली नसते, डोळे उघडे असतात. मग लक्ष कुठे असतं? ते मोजता येतं का?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : बऱ्याच अंशी येतं, तेही डोळ्यांवरूनच. नजर टिपणाऱ्या यंत्रात अवरक्त दिवा आणि कॅमेरा असतो. दिव्याचा ठिपका डोळ्याच्या पारदर्शक पटलावर चमकतो. तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातल्या अंतरावरून नजर कुठे आहे ते संगणक काढतो. नजर सलग सरकत नाही, सेकंदाला तीन-चार उड्या मारते. दोन उड्यांमध्ये ती क्षणभर टेकते, तेवढ्यातच आपण पाहून घेतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. म्हणजे नजर एकदा टेकून उठेपर्यंत आठ-दहा मीटर रस्ता मागे पडलेला असतो.

मेंदूवरचा ताण बाहुली सांगते. १९६४ साली शिकागो विद्यापीठातल्या एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी लोकांना तोंडी गुणाकार घातले. गणित जितकं अवघड तितकी बाहुली मोठी. उत्तर दिलं की पुन्हा लहान! दोन वर्षांनी डॅनियल कानेमन (पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) आणि जॅक्सन बीटी यांनी आकडे लक्षात ठेवायला लावले, तर आकड्यागणिक बाहुली रुंदावत गेली. पण उजेडाने ती याहून कितीतरी जास्त बदलते, त्यामुळे समोरून दिवे येणाऱ्या रस्त्यावर हे माप भरवशाचं नाही. तिथे नजरेचा पल्ला आणि पापण्या पाहतात. मनात दुसरे हिशेब चालू असले की नजर समोरच्या लहानशा पट्ट्यात अडकते, आरशांकडे कमी जाते.

तुमचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. समृद्धीवर ना चौक, ना सिग्नल, ना बैलगाडी. मेंदूला कामच उरत नाही. हात-डोळे सवयीने चालत राहतात आणि लक्ष भरकटतं. पेंग आली की पापण्या सावकाश मिटतात. पापणीने बाहुलीचा ८० टक्के किंवा अधिक भाग किती वेळ झाकला, यावरून पेंग मोजतात. मात्र ट्रकवर टेकलेल्या नजरेमागच्या मनाने तो ट्रक पाहिला का, हे कुठलंही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. मला ही मर्यादा सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे याच महामार्गावर बस उलटून पेटली, २५ जण गेले. तेव्हापासून या रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही. काच उघडणं, गाणी लावणं यांचा उपयोग फार वेळ टिकत नाही. मधला रस्ता आठवत नाही असं जाणवलं, तर पुढच्या थांब्यावर गाडी घ्या, कॉफी प्या, पंधरा मिनिटं डोळे मिटून पडा आणि मगच निघा.