पावसाळ्यात घरातच शिंका का येतात?

प्रश्न : आमच्या कोंडाणे गावात पावसाळा लागला की दारे-खिडक्या बंद असूनही पहाटे शिंका येतात, नाक गळते. कारण काय?

उत्तर : तुमच्या गावी, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, आषाढ-श्रावणात हवा सतत दमट राहते. तिच्यात गादी-गोधडीतले सूक्ष्म धूळकिडे फोफावतात, कारण ते पाणी पीत नाहीत. हवेतला ओलावा शोषून, माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. अभ्रे, चादरी आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात. उन्हाची वाट पाहू नये, श्रावणात ते मिळते कुठे? केर काढताना धूळ उडते, त्यापेक्षा ओले फडके बरे. दुसरे कारण भिंतीवरची बुरशी. गळके कौल आधी दुरुस्त करावे, नाहीतर पुसलेली बुरशी पुन्हा उगवते. धाप लागत असेल, छातीत घरघर होत असेल तर दम्याची तपासणी करावी.