शब्द एक, अर्थ अनेक : 'एक्स्चेंज'



या वेळी आपण 'एक्स्चेंज' हा इंग्रजी शब्द घेऊ. शब्दकोशात याचे अर्थ सापडतील : अदलाबदल, देवाणघेवाण, विनिमय. अर्थ पाठ होतो, पण तेवढ्यानं शब्द आपला होत नाही. तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे कळलं पाहिजे. तालुक्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द असतो, आणि घरच्या माणसांना पाटी वाचून दाखवायची पाळी पुष्कळदा तुमच्यावरच येते. म्हणून मी हा धडा जरा सविस्तर लिहीत आहे.

'चेंज' आणि 'एक्स्चेंज'

'चेंज' म्हणजे बदल, बदलणे. गंपूने सदरा बदलला, तर तो 'चेंज'. त्याला दुसरं कुणी लागत नाही. पण गंपूने आपली टोपी बंडूला दिली आणि बंडूची आपण घेतली, तर ते झालं 'एक्स्चेंज'. इथे दोघे आहेत, दोघांनीही दिलं आणि दोघांनाही मिळालं. एकाने नुसतं दिलं तर ते दान, नुसतं घेतलं तर उचलेगिरी! एवढी खूण ध्यानात ठेवा : एक्स्चेंजला दोन बाजू लागतात.

सुट्या पैशांनाही 'चेंज' म्हणतात, बरं का. कंडक्टर "चेंज द्या" म्हणतो, तेव्हा त्याला चिल्लर हवी असते.

वाक्यात कसा वापरावा?

१. आधी द्यायची वस्तू, मग 'फॉर', मग मिळणारी वस्तू. 'आय एक्स्चेंज्ड माय पेन फॉर अ बुक.' म्हणजे मी पेन दिलं आणि पुस्तक घेतलं. क्रम उलटा केला तर पुस्तक जाईल आणि पेन हाती येईल!

२. ज्याच्याशी अदलाबदल केली त्याच्या नावाआधी 'विथ' येतो. 'आय एक्स्चेंज्ड बुक्स विथ राम.'

३. दोघांनी एकाच प्रकारची वस्तू बदलली, तर ती अनेकवचनी येते. 'वुई एक्स्चेंज्ड सीट्स' म्हणजे आम्ही एकमेकांच्या जागा घेतल्या. 'सीट' नव्हे, 'सीट्स'. जागा दोन आहेत ना!

४. 'इन एक्स्चेंज फॉर' म्हणजे 'च्या बदल्यात'.

या शब्दाची भावंडं

'स्वॅप' म्हणजे अदलाबदलच, पण तो बोलीतला शब्द आहे. मित्राशी बोलताना तो शोभतो, अर्जात शोभत नाही. 'बार्टर' म्हणजे पैशाविना व्यवहार. बोहारीण जुने कपडे घेते आणि भांडं देते, तो 'बार्टर'. आपली सावडही याच घरची. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. तिथे वस्तूऐवजी श्रमांची देवाणघेवाण होते.

शब्द जागेला कसा चिकटला?

देणारे आणि घेणारे जिथे भेटतात, त्या जागेलाही 'एक्स्चेंज' म्हणू लागले. लंडनमध्ये व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीला १५७१ साली राणी पहिली एलिझाबेथ हिने 'रॉयल एक्स्चेंज' हे नाव दिलं. मुंबईचे शेअर दलाल आधी झाडाखाली जमून सौदे करीत. १८७५ साली त्यांनी संघ स्थापन केला. तोच पुढे मुंबईचा 'स्टॉक एक्स्चेंज', म्हणजे शेअर बाजार झाला.

मग 'टेलिफोन एक्स्चेंज'मध्ये कशाची अदलाबदल होते? वस्तूंची नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या तारा तिथे जोडल्या जात. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे अशी केंद्रं १८८२ साली सुरू झाली. काम मागणारे आणि काम देणारे यांची गाठ घालून देणारं ते 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज', म्हणजे सेवायोजन कार्यालय. 'फॉरेन एक्स्चेंज' म्हणजे परकीय चलन. एका देशाचं चलन दुसऱ्या देशाच्या चलनात कोणत्या भावाने मिळतं, त्या दराला जुन्या मराठीत 'हुंडणावळ' म्हणत. अर्थ वेगवेगळे दिसले, तरी प्रत्येक ठिकाणी दोन बाजू आहेत, हे पाहा.

दुकानातील पाट्या

'एक्स्चेंज ओन्ली, नो रिफंड' म्हणजे वस्तू बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत. 'नो एक्स्चेंज' म्हणजे बदलूनही मिळणार नाही. रंग आवडला नाही म्हणून वस्तू परत नेली, तर दुकानदाराचा नियम चालतो. पण वस्तू सदोष निघाली तर पाटीकडे बोट दाखवून चालत नाही. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी पावतीवर लिहिलेली मुदत पाळावी लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ३० दिवस धरतात. म्हणून पावती फेकू नका.

दुसरी पाटी 'एक्स्चेंज ऑफर'ची. जुनं द्या, नवं स्वस्तात न्या! इथे हिशेब करा. समजा, मिक्सरची किंमत ४,००० रुपये लिहिली आहे. जुना दिला तर ५०० रुपये कमी, म्हणजे ३,५०० द्यायचे. तोच मिक्सर शेजारच्या दुकानात जुना न देता ३,६०० रुपयांना मिळतो. मग जुन्याचे किती आले? ५०० नव्हे, फक्त १०० रुपये! म्हणून दोन किमती वेगवेगळ्या विचाराव्यात : जुनं न देता नव्याची किंमत किती, आणि नुसत्या जुन्याचे किती देता? आपल्या बाजूने काय जातं आणि काय येतं हे ज्याला मांडता आलं, त्यालाच हा शब्द कळला असं मी समजतो.

स्वाध्याय

१. 'चेंज' की 'एक्स्चेंज', ते सांगा : (अ) ताईने वेणीची रिबीन बदलली. (आ) दोन वर्गांनी गोष्टींची पुस्तकं आपसांत बदलली.

२. 'शी गेव्ह मी मँगोज इन एक्स्चेंज फॉर ग्वावाज.' आंबे कोणाला मिळाले?

३. घरातील एका पावतीवर माल बदलण्याची मुदत लिहिली आहे का, ते पाहा आणि वहीत नोंद करा.